एकमेव वारस

न्हाई हो हरीशराव, आधी बसा तर खरं. फाईल कुठं पळून चालली न्हाई. आन् ते नवीन धोरण मला समजावून सांगत बसू नका — मला समद्या सवलती तोंडपाठ हायेत. तुमच्या आधी तुमच्याच कंपनीचा जो माणूस यायचा ना, सोमेश्वर, त्यानं ह्याच ओसरीवर बसून शिकवल्यात. वीजशुल्क माफ. मुद्रांक शुल्कात सूट. जमीन अकृषक करायची कटकट न्हाई. आन् सगळ्यात मोठी सवलत म्हणजे लाइनीचं भाडं माफ — इथली वीज ज्या मोठ्या लाइनीवरून परराज्यात जाणार, तिचं भाडं सरकार घेणार न्हाई. बराबर बोलायलो ना? पण अट व्हती. तीस जूनच्या आत पवनचक्कीची पाती फिरली पायजेत. एक जुलैला फिरली की पाव भाडं लागू, मंग अर्धं, मंग पुरं. म्हणून सगळी पळापळ. सोमेश्वर फोन उचलला की 'हॅलो' म्हणायच्या आधी 'तीस जून' म्हणायचा. आमच्या गावात लोकाला लेकीच्या लग्नाची तारीख ध्यानात राहत न्हाई, पण तीस जून समद्यांच्या तोंडी. सरकारनं असली काय तारीख घातली, आन् कशाला घातली, कुणाला पुसावं? कळमनुरीत पुसलं तर म्हणतात वरून आली. वर कुठं? वर तर वारंच हाय नुसतं.

बघा, इथून दिसतात. खांबाला टेकून बघा. ते पहिलं किसनसिंगाच्या माळावरचं, तिथून पुढं पाच. सगळी फिरून राहिलीत, बघा कशी निवांत. आन् तिसऱ्याच्या नि चौथ्याच्या मधी जी मोकळी जागा दिसायली ना, एखाद्याचा दात पडल्यावानी — तो मपला माळ. तिथं पाती न्हाईत. तिथं खड्डा हाय. तुमी वर जाऊन आलात म्हणता, मंग बघितलाच असंल. ह्या घरासारखी चार घरं मावतील आत. गोल खणला, लोखंडाची जाळी उभी केली, आन् तीस जून निघून गेला. दोन जुलैला क्रेन गेली, पाच जुलैला सोमेश्वर गेला — आता म्हणे दुसऱ्याच कंपनीत हाय, तिकडं बीड भागात. लोखंडाला गंज चढला, पावसाळ्यात खड्डा भरला, त्यात दोन म्हशी पडल्या, एक निघाली. तिथं सीताफळीची झाडं व्हती, हरीशराव. तेहतीस झाडं. मशीननं एका सकाळी काढली. सकाळी म्हणजे नऊ वाजायच्या आत, चहा व्हायचा व्हता अजून.

थांबा, बोलू द्या मला. तुमी काय सांगणार ते बी ठाव हाय. काम परत चालू होणार, आता वारा नि सोलर दोन्ही मिळून, नवी सवलत, नवी मुदत. आन् नवा नियम — की समद्या वारसांची संमती पायजे, लेकींची सुदिक. कुठंतरी कुणाची तरी बहीण कोर्टात गेली, कंपनीचं काम अडकलं, म्हणून तुमाला आता बहिणी आठवायल्या. आठवू द्या, चांगलं हाय. तर पुसा ना. काहून असं खाली बघून राहिलात? हाय. मला एक बहीण हाय. मागच्या फाईलीत 'नाही' लिहिलंय ते मला म्हाईत हाय, मीच लिहून दिलंय, त्या कागदावर बोट नका ठेवू.

कसं झालं ते आइका. आमचा बाप, ग्यानोबा, तो जाऊन अकरा वर्सं झाली. पण सातबारा त्याच्याच नावानं. हिकडं समद्यांचं असंच असतंय — पीक येतंय, कुणी भांडत न्हाई, मंग तलाठ्याच्या दारात कोण जाणार? तेवढ्यात तुमची कंपनी आली. म्हणे जमीन जित्या माणसाच्या नावानं पायजे. बरं म्हणलं. तलाठी म्हणला वारस सांगा. सोमेश्वर शेजारीच उभा. तो माझ्या कानाला लागला — म्हणला, व्यंकटराव, बहिणीचं नाव घातलं की तिला हजर करा, तिची सही घ्या, तिची पोरं हिस्सा मागतील, महिना जाईल. ही यादी शुक्रवारी बंद. एक खातेदार, एक सही, असंच गट पयले घेणार. आता मला सांगा, ही चूक कुणाची? त्याची. तलाठ्याला ठाव न्हाई व्हय मला बहीण हाय? त्याच्या समोर मागच्या वर्षी पंचमीला आमच्या दारात झोका बांधला व्हता, तिनं त्याला लाडू दिलता हातात. खाल्ला की त्यानं! आन् तारीख घालणारं सरकार, त्याची न्हाई चूक? तीस जून नसता तर मी काही —

ती तरी कुठं इथं व्हती त्या टायमाला? डोळ्याचं ऑपरेशन झालतं तिचं, नांदेडला. आठ दिवस पट्टी. माणूस दवाखान्यात असल्यावर त्याला कचेरीत कसं ओढावं? तकलीफ द्यायची का? न्हाई ना.

नर्मदाबाई. हट्ट्याला दिलीया. मी अक्का म्हणतो. मपल्यापेक्षा पाच वर्सांनी मोठी. आई गेली तवा मी सहाचा आन् ती अकराची — मंग तीच आई. शाळेचं तोंड बघितलं न्हाई तिनं, काहून की मला कडेवर कोण घेणार? मोठा घोडा झालो तरी कडेवर. लोक हसायचे तिला. तिचं लग्न झालं तवा मी तिच्या बैलगाडीमागं शिवेपर्यंत पळत गेलतो, आन् ती उतरून मला घेऊन परत आली. लग्नाची गाडी, वऱ्हाडी थांबलेले, आन् नवरी परत आली! मला भाकर खाऊ घातली, झोपवलं, मंग गेली. सासरच्यांनी लई दिवस बोलून दाखवलं तिला ते.

तर बापानं जाताना माझ्यासमोर सांगितलं — हा माळ नर्मदेचा. चोळी-बांगडीला. कागद न्हाई, लेखी न्हाई, नुसतं तोंडानं. आमच्याकडं लेकीला असंच देतेत — एखादा तुकडा तिच्या नावानं म्हणायचा, कसायचा भावानंच, आन् त्यात जे येईल त्याची तिला वर्साला साडी-चोळी करायची. आन् माळ तरी कसा? चार एकर मुरूम. कुसळ उगवायचं न्हाई. तिथं काय उगवलं असंल तर ही सीताफळं, ती बी तिनंच लावलेली, लग्नाआधी, घागरीनं पाणी घालून. दसऱ्यानंतर यायची, टोपली भरायची, निम्मी हितंच ठेवून जायची — म्हणायची, वेंकू, तुला कवळी आवडत न्हाईत, ही पिकू दे. साठी उलटली माझी, तरी वेंकू. त्या माळाला कुणी इचारत न्हवतं हो. फुकट दिला तरी कुणी घेतला नसता. आन् एके दिवशी तुमची जीप आली, खांब रोवला, वारा मोजला, आन् सांगितलं की ह्या टापूत ह्याच्यावानी वारा न्हाई. मंग तो माळ माझा झाला. म्हणजे — कागदानं तिचा कुठं व्हता? तुमी समजून घ्या.

कळमनुरीला गेलो. मंगळवारचा बाजार व्हता. तहसीलच्या समोर एक पोरगी टाइप करून देती प्रतिज्ञापत्र, झाडाखाली टेबल मांडून. चांगली पोरगी. तिनं छापील मजकूर काढला, नावं घातली. मंग माझ्याकडं बघून पुसली — बहीण? मी म्हणलो, न्हाई. ती म्हणली, सख्खी, सावत्र, मयत, कुणीच न्हाई? रीतच असंल त्यांची तसं पुसायची. मी म्हणलो, कुणीच न्हाई. सोमेश्वर तवा तिथं न्हवता हरीशराव. तो चहा सांगायला गेलता. तलाठी बी न्हवता. सरकार बी न्हवतं. आन् घाई — घाई तर व्हतीच, पण शुक्रवार व्हायला तीन दिवस व्हते. नांदेड काय लांब हाय? एसटीनं दोन-अडीच तास. डोळ्याला पट्टी असली तरी माणसाला अंगठा हाय. मी जाऊन नुसतं म्हणलो असतो ना, अक्का, ह्याच्यावर अंगठा दे — तिनं काय हाय पुसलं बी नसतं. दिला असता. मला ठाव व्हतं देईल म्हणून. आन् त्याच्यामुळंच गेलो न्हाई. काहून की तिनं हासत दिला असता, तर मंग मला तिचा हिस्सा द्यावा लागला असता. डोळ्यासमोर मागणाऱ्याला टाळता येतंय. जो मागतच न्हाई त्याला कसं टाळणार?

हे मी घरवालीला, रुख्मिणीला बी कधी बोललो न्हाई. घरात आइकत असंल ती. आइकू द्या.

त्याच बाजारात अक्कासाठी लुगडं घेतलं. हिरवं, नऊवारी, चांगलं भारी. म्हणलं पंचमीला आली की नेसवू. ट्रंकेत हाय अजून.

मंग कंपनीच्या वकिलानं पेपरात नोटीस दिली. जाहीर नोटीस, तुमी देता ना तशी, बारक्या अक्षरात, मागच्या पानाला. म्हणलं हे कोण वाचतंय? निविदा नि वाढदिवसांच्या मधी दाबलेली. पण अक्काची नात हाय एक, प्रियदर्शनी. पोलीस भरतीचा अभ्यास करती, हट्ट्याच्या वाचनालयात बसून पेपराच्या कोपऱ्या-कोपऱ्यात जाहिराती धुंडती. तिला दिसलं माझं नाव. लेकराला काय आनंद झाला! घरी पळत आली, मला फोन लावला — आजोबा, पेपरात नाव आलंय तुमचं! फोन मोठ्या आवाजावर टाकला, म्हणली आजी बी हितंच हाय, भाकरी करून राहिली, थांबा वाचून दाखवती. मी म्हणलो, राहू दे बाळा, मी मंग — कुठं आइकती? पेपरात नाव आल्याचं कौतुक तिला. वाचायली. गट नंबर अमुक, मौजे अमुक, क्षेत्र एक हेक्टर साठ आर. हळूहळू वाचायली, शाळेत वाचावं तसं. मयत ग्यानोबा यांचे एकमेव वारस श्री. व्यंकटराव. तिथं थांबली. मला म्हणली, आजोबा, एकमेव म्हणजे एकच ना?



भाकरी थापायचा आवाज येत व्हता हो मागून. थप, थप, थप. तो थांबला. तव्यावरली भाकर करपली असंल. लेकरू आपलं हॅलो, हॅलो म्हणायलं. मंग अक्काचा आवाज आला, लांबून. पोरीला म्हणली — ठेव फोन. त्याच्या जेवायची येळ झाली असंल.

बस. एवढंच.

नोटिशीत पंधरा दिवस असतात. कुणाचा हक्क-हितसंबंध असंल तर लेखी हरकत घ्यावी. मी पंधरा दिवस ह्या ओसरीवर बसून काढले, ह्याच खांबाला टेकून. मोटारसायकल वाजली की वाटायचं तिची पोरं आली. पोस्टमन दिसला की वाटायचं वकिलाचं पत्र. रोज वकिलाला फोन — आली का हरकत? न्हाई. आज? न्हाई. तो खुश, सोमेश्वर खुश, पेढे घेऊन आला सोळाव्या दिवशी, म्हणला मार्ग मोकळा. आन् मला इतका राग आला तिचा! खरं सांगतो. इतका राग मला कधी कुणाचा आला न्हाई. अगं, भांड ना! ये ना दारात, चार लोकात काढ माझी इज्जत, म्हण की ह्या भाड्याला मी कडेवर वाढवला! दे शिव्या! पोरं घेऊन ये, काठ्या घेऊन ये, कोर्टात ओढ — कोर्टात तरी समोरासमोर उभं राहिलो असतो की. तारखेला तारीख तोंड बघितलं असतं. काहीच न्हाई. तिच्या जावयाच्या हाती निरोप आला एकदा, तो बी मीच खोदून काढला म्हणून. त्यानं पुसलं व्हतं तिला, मामी, हरकत घेऊ का? तर म्हणली, हरकत घ्यायला आधी आपण असावं लागतंय.

पंचमीला आली न्हाई. राखीला आली न्हाई. दिवाळीला रुख्मिणी एकटी गेली हट्ट्याला, माझ्याशी भांडून गेली. तिथं तिला जेवू-खाऊ घातलं, ओटी भरली, माझं नाव कुणी काढलं न्हाई. न रागानं, न मायेनं. रुख्मिणी येऊन म्हणली, तुमी मेलेले असता तर निदान रडली तरी असती.

तुमी म्हणाल जायचं व्हतं की आपण. कसा जाऊ? सांगा, काय म्हणून जाऊ? कंपनीनं टावर उभं केलं असतं, तर वर्साचं भाडं आलं असतं, निम्मं तिच्या पदरात टाकायला तरी गेलो असतो — पाय धरायला हातात काही तरी लागतंय. टावर न्हाई, झाडं न्हाई, खड्डा हाय. खड्ड्यातला हिस्सा घेऊन जाऊ? तीनदा एसटीत बसलो. एकदा औंढ्यापर्यंत गेलो, नागनाथाला हात जोडले, माघारी आलो. एकदा हट्ट्याच्या फाट्यावर उतरलो बी. तिथं हाटेलात दोन चहा प्यालो आन् त्याच गाडीनं परत.

म्हणून तर सकाळी तुमचा फोन आला ना, की आता बहिणींची बी सही लागते — तवा मी काय म्हणलो? या म्हणलो. लगेच या म्हणलो. तुमाला वाटलं असंल म्हातारा टावरासाठी हपापला. टावर खड्ड्यात घाला हो! मला टावर नको असं न्हाई म्हणत मी, आलं तर येऊ द्या, पण त्याच्यापायी न्हाई बोलावलं तुमाला. कागद हाय ना आता. सरकारी नियम हाय, माझी मर्जी न्हाई. ह्या सहीपायी तिच्या दारात जायला मला तोंड हाय. तर असं करू — तुमच्या गाडीत मला घ्या. आत्ताच निघू, दुपारपर्यंत हट्ट्याला. तुमी पुढं व्हा, साहेबाला कुणी दारातून हाकलत न्हाई. तुमी बसलात की मी मागून येतो. तुमी फक्त एवढं म्हणा, की वारस म्हणून यांची सही लागते. वारस, हा शब्द तुमी म्हणा, मोठ्यानं म्हणा, प्रियदर्शनीच्या समोर. निम्मा हिस्सा तिचा, ते बी कागदावर घाला, मी सांगतो म्हणून घाला, अर्ध्याहून जास्त घाला. आन् मंग ती काही तरी बोलंल ना? शिवी का असंना. रुख्मिणे! टोपी आण ग माझी. आन् ट्रंक उघड, ते हिरवं —

काय?

काहून? गाडीत जागा न्हाई का? मागं बसतो की मी, फाईलीपाशी.

म्हणजे? परवा? तुमी परवा वसमतकडून आलात — मंग? हट्टा रस्त्यातच लागतंय, व्हय, लागतंय. तिचं नाव तलाठ्यानं सांगितलं तुमाला? मंग?

दाखवा.

ही — ही तिची सही हाय? तिला कुठं लिहिता येत व्हतं... नातीनं शिकवलं असंल. न-र्म-दा. बरी काढलीया की. सरळ हाय. हिश्श्याच्या खाली काय लिहिलंय? वाचा तुमी, माझा चष्मा घरात हाय. 'हिस्सा नको, हरकत नाही.' तिनं सांगितलं? न पुसता?

बरं, काय म्हणली? न्हाई, सहीचं न्हाई — आणखी काय म्हणली? तुमी बसला असाल की घडीभर. चहा दिला? दिला ना. चहाच्या टायमाला तरी — कुणाकडं चाललो, कोण्या गावाला, असं काही? तुमी माझं नाव घेतलंत ना तिच्यासमोर? घेतलंत. मंग?

'सही कुठं करायची.'

बास? एवढंच पुसली?

रुख्मिणे, राहू दे. ट्रंक बंद कर. टोपी बी ठेव खुंटीला.

आणा तो कागद. न्हाई, वाचून दाखवू नका, सवलती मला पाठ हायेत. पेन द्या. कुठं करायची? इथं? आन् इथं बी? ही तिच्या शेजारीच आली. बरं.

झालं. घ्या. झालं ना तुमचं काम? मंग निघा आता. चहा? तिकडं प्यालात ना तुमी, इथं दूध न्हाई आज. निघा हो — असं काय बघून राहिलात? जाताना फाटकाला कडी घाला, शेळ्या शिरतात.